जाणत्याचा शब्द आणि संसदेचे मौन

बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यातील टेटगामा या उरांव वस्तीत ६ जुलै २०२५ च्या रात्री एकाच कुटुंबातील पाच जणांना मारहाण करून जाळण्यात आले. त्यांत तीन स्त्रिया होत्या. गावातील एक मूल आजाराने दगावले होते, दुसरे अंथरुणाला खिळले होते आणि या दोन्हींचे मूळ त्या घरातील ‘डायन’ आहे, असे गावाने ठरविले होते. त्यानंतर दोन आठवड्यांनी संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले. अधिवेशन गाजले तेही बिहारवरूनच; पण ते मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून. मतदारयादीतील नावाची काळजी करणाऱ्या सभागृहाला त्याच राज्यातील जळालेल्या पाच नावांसाठी एखादी गंभीर चर्चा घडवून आणता आली असती. ती घडविण्याची निकड ना सत्ताधाऱ्यांना भासली, ना विरोधकांना.

या घटनेतील विसंगती अशी, की डायनप्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे बिहार हे देशातील पहिले राज्य आहे. १९९९ चा तो कायदा राज्याच्या विभाजनानंतर झारखंडनेही २००१ मध्ये स्वीकारला. एखाद्या स्त्रीला डायन ठरविल्याबद्दल या कायद्यात जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड आहे. तिला शारीरिक वा मानसिक इजा केल्यास सहा महिने किंवा दोन हजार रुपये. साध्या अब्रुनुकसानीस भारतीय दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याने गुन्ह्याचे मोल काय ठरविले ते समजते. वर्तमानपत्राने पुढाऱ्याला भ्रष्ट म्हटले तर दोन वर्षे. गावाने विधवेला डायन म्हटले तर तीन महिने. पहिल्या शब्दाने प्रतिष्ठा जाते. दुसऱ्याने घर, जमीन आणि पुष्कळदा जीव जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनांच्या कारणांमध्ये ‘जादूटोणा’ असा वेगळा रकाना असतो. २०१९ मध्ये त्यात १०२, २०२० मध्ये ८८, २०२१ मध्ये ६८ आणि २०२२ मध्ये ८५ जीव नोंदले गेले. शतकाच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांची बेरीज अडीच हजारांवर जाते. शिवाय हा हिशेब केवळ मेलेल्यांचा आहे. विष्ठा पाजणे, केस कापणे, विवस्त्र धिंड काढणे, गावाबाहेर हाकलणे हे सारे या रकान्याच्या बाहेर राहते, कारण त्यात बाई जिवंत असते. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड वा आसाम केडरमध्ये उमेदवारी केलेल्या मराठी अधिकाऱ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. उपविभागीय अधिकारी म्हणून पहिल्या वर्षी ज्या फायली समोर येतात, त्यांत ‘जमिनीचा वाद’ असे शीर्षक असलेल्या आणि आत भलतेच काही निघणाऱ्या फायली असतात.

जादूचे मारक आणि तारक असे दोन भाग भारतीय परंपरेने फार पूर्वीच केले आहेत. अथर्ववेदाचे जुने नाव ‘अथर्वांगिरस’. अभ्यासकांच्या मते त्यातील ‘अथर्वन्’ हे शांतिक-पौष्टिक मंत्रांचे आणि ‘अंगिरस’ हे आभिचारिक मंत्रांचे द्योतक. तंत्रग्रंथांतील षट्कर्मांत शांतीच्या सोबतीला वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी पाच कर्मे येतात; म्हणजे रक्षणाला एक आणि उपद्रवाला पाच, असे हे प्रमाण आहे. प्राचीन राज्यसंस्था या विद्येवर विश्वास ठेवत होती, म्हणून ती तिचे नियमनही करत होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचार करणाऱ्यास दोनशे पणांचा दंड आहे. कौटिल्याचे धोरण तर अधिक व्यवहारी. प्रजेवर अभिचार करणाऱ्याला तो दंड सांगतो, आणि शत्रूवर करावयाच्या गूढ प्रयोगांसाठी अर्थशास्त्राचे अख्खे चौदावे अधिकरण राखून ठेवतो.

आधुनिक राज्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. करणी अस्तित्वातच नाही, असे ते मानते. म्हणून ते करणी करणाऱ्याला नव्हे, तर करणीचा आरोप करणाऱ्याला शिक्षा देते. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. अडचण एवढीच, की ज्या गावात कायदा लागू करावयाचा ते गाव अजून कौटिल्याच्या काळातील गृहीतावर चालते. गावाच्या लेखी डायन ही खुनी आहे, आणि पोलीस खुन्याची बाजू घेत आहेत.

हा पेच ब्रिटिशांच्या वाट्यालाही आला होता. छोटा नागपूरमध्ये त्यांनी डायनहत्येला फाशीची शिक्षा लावली, तेव्हा नवे सरकार चेटकिणींना सामील आहे, असा समज हो, मुंडा आणि संथाळ समाजात पसरला. १८५७ च्या उठावात सिंहभूममधील इंग्रजी अंमल काही काळ ढासळला, तेव्हा गावोगावी साचलेले संशय एकदम बाहेर पडले आणि अनेकांचे बळी गेले, अशी नोंद एडवर्ड डाल्टन या अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. गावाच्या हातातील उपाय काढून घ्यावयाचा आणि त्याच्या जागी दुसरा द्यावयाचा नाही, या धोरणाचे ते फळ होते. त्याच मुलखात आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारती आहेत. त्यांत डॉक्टर किती दिवस असतो, हा प्रश्न वेगळा.

खरी गोम येथेच आहे. ‘डायन’ नावाचा व्यवसाय प्रत्यक्षात कोणी करत नाही. ती एक ठपका बसलेली स्त्री असते. व्यवसाय असतो तो तारकाचा. बिहार-झारखंडमध्ये ओझा, आसामात बेज, राजस्थानच्या भिल्ल पट्ट्यात भोपा, मेळघाटात भूमका, कोकणात भगत, देशावर देवऋषी. संथाळांमध्ये तर याची दोन पदे आहेत. ओझा हा गावातला. तो झाडपाला देतो, शालवृक्षाच्या पानावर तेल चोळून आजाराचे कारण पाहतो. त्याच्या हातून गुण आला नाही म्हणजे गावकरी दूरच्या ‘जान’कडे, बंगालच्या बाजूला ज्याला जानगुरू म्हणतात त्याच्याकडे जातात. मराठीतील ‘जाणता’ या शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. जाणता आपली विद्या आधी सिद्ध करतो. आलेल्या माणसाचे गाव, घरातील मृतांची नावे सांगतो. एकदा का ती बरोबर निघाली, की त्याने सुचविलेल्या स्त्रीचे नाव खोटे कसे ठरणार?

संथाळांची एक दंतकथा या व्यवस्थेचा सारा आशय सांगून जाते. बायकांना धाकात ठेवण्याची विद्या मिळावी म्हणून पुरुष मरांग बुरू या देवाकडे गेले. बायकांनी ते चोरून ऐकले, बकऱ्याच्या केसांच्या दाढ्या लावून पुरुषांच्या वेषात त्याच आधी देवापुढे हजर झाल्या आणि विद्या घेऊन गेल्या. फसगत लक्षात आल्यावर देवाने पुरुषांना दुसरी विद्या दिली: चेटकीण ओळखण्याची. मारक विद्या स्त्रीकडे आणि ती हुडकण्याचा अधिकार पुरुषाकडे, ही वाटणी इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

म्हणजे कायद्याने प्रथम ज्याचा हात धरावयास हवा तो हा जाणता. बिहारच्या कायद्यात त्याच्यासाठी एक वर्षाची शिक्षा आहे. पण ती डायन ठरलेल्या बाईवर झाडफूक करून तिला इजा केल्याबद्दल. त्याने केवळ नाव सांगितले आणि तो आपल्या गावी निघून गेला, तर तीन महिन्यांचे कलम. आणि खुनाच्या खटल्यात पोलीस ज्यांना पकडतात ते कुऱ्हाड चालविणारे असतात. छत्तीसगडने २००५ मध्ये केलेला टोनही प्रताडना निवारण कायदा याबाबतीत अधिक कडक आहे. नाव ठेवल्यास तीन वर्षे, छळ केल्यास वा उपचाराच्या नावाखाली झाडफूक केल्यास पाच वर्षे. ओडिशाने २०१३ मध्ये, राजस्थानने २०१५ मध्ये कायदे केले. आसामच्या विधानसभेने २०१५ मध्ये संमत केलेला कायदा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, मात्र राष्ट्रपतींच्या संमतीसाठी त्याला २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. तीन वर्षे हे विधेयक दिल्लीतील मंत्रालयांच्या टेबलांवरून फिरत होते.

त्याच आसामातील बिरुबाला राभा यांची कहाणी या सर्व कायद्यांहून अधिक बोलकी आहे. १९८५ च्या सुमारास त्यांच्या आजारी मुलाबद्दल एका वैदूने सांगितले, की तो तीन दिवसांत मरणार. तो मेला नाही. बिरुबालांनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो काढण्यास कोणतीही पदवी लागत नव्हती. पुढची जवळजवळ चार दशके त्या गोलपाड्याच्या गावांतून बायकांना वाचवीत फिरल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी झारखंडमधील सराईकेला-खरसावांच्या छुटनी देवी यांनाही, ज्यांना १९९५ मध्ये स्वतःलाच डायन ठरवून घराबाहेर काढण्यात आले होते. बिरुबाला २०२४ च्या मे महिन्यात निवर्तल्या. राष्ट्रपती भवनाने दोन स्त्रियांचा गौरव केला. त्यांनी ज्याविरुद्ध लढा दिला त्यासाठी देशभर लागू होणारा कायदा करण्याचे काम मात्र राष्ट्रपती भवनाचे नव्हे, त्याच्या समोरच्या रस्त्याच्या पलीकडील वास्तूचे.

संसदेने या विषयाला कधी स्पर्शच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत चेटूक केल्याच्या वा चेटकीण असल्याच्या आरोपावरून या समाजांतील व्यक्तीला इजा वा मनस्ताप देणे हा गुन्हा ठरविण्यात आला. सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा. तरतूद चांगली आहे. पण तो कायदा मुळातच गुन्हेगार अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच लागू होतो. डायनहत्येच्या बहुतांश आदिवासी घटनांत मारणारा आणि मरणारी एकाच समाजातील, पुष्कळदा एकाच कुळातील असतात. लोकसभेने हे विधेयक ४ ऑगस्ट २०१५ रोजी संमत केले. त्याच आठवड्यात, ७ ऑगस्टच्या रात्री, रांचीजवळच्या मांडर भागात कंजिया गावी पाच स्त्रियांना घरातून ओढून ठार करण्यात आले. मारणारे त्यांचेच गावकरी होते. त्यांच्यासाठी नव्या कलमाचा उपयोग शून्य होता.

२०१६ मध्ये लोकसभेत याच विषयावर एक खासगी विधेयक आले. खासगी विधेयकांचे भवितव्य दिल्लीत सर्वांना ठाऊक आहे. १९७० नंतर असे एकही विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही. शुक्रवारच्या दुपारी सभागृह निम्मे रिकामे असते आणि खासदारांचे लक्ष विमानाच्या वेळेकडे असते. मोठी संधी आली ती डिसेंबर २०२३ मध्ये, दंडसंहिता मुळापासून नव्याने लिहिली गेली तेव्हा. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित होते, आणि वसाहतवादाचे जोखड फेकून देणारी म्हणून गौरविली गेलेली संहिता डायनहत्येबाबत गप्प राहिली. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, लिंग, व्यक्तिगत श्रद्धा आदी कारणांवरून केलेल्या खुनासाठी तिच्यात कलम १०३(२) आहे. जमावाच्या डायनहत्येला ते लावता येईल, असा युक्तिवाद करता येतो. पण तो सरकारी वकिलाने करावा लागेल, आणि बाई मेल्यानंतर करावा लागेल.

गमतीचा भाग असा, की ज्या जुन्या संहितेला वसाहतवादी म्हणून निरोप दिला गेला, तिच्यात दैवी कोपाचे भय घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा गुन्हा होता. कलम ५०८. दारात धरणे धरून बसणाऱ्याचे उदाहरण इंग्रजांनी त्यात मुद्दाम घातले होते, कारण १८६० साली धरणे हे राजकीय नव्हे तर धार्मिक हत्यार होते. नव्या संहितेत ही तरतूद कलम ३५४ म्हणून कायम आहे. तेव्हा श्रद्धेच्या प्रांतात दंडविधानाने पाऊल टाकू नये, हा आक्षेप दीडशे वर्षे उशिराचा आहे.

केंद्राने जादूवर कायदा करू नये, हा आक्षेपही तितकाच पोकळ. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या काळात, १९५४ मध्ये, औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. ‘जादुई उपचार’ या शब्दांची व्याख्या करताना त्या कायद्याने ताईत, मंत्र आणि कवच यांची नावे घेतली आहेत. नेहरूंच्या काळातील संसदेला ताईत हा शब्द विधेयकात लिहिताना संकोच वाटला नव्हता. कायदा आजही लागू आहे. दिल्लीच्या बसथांब्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत ‘बंगाली बाबां’ची वशीकरण आणि सौतनमुक्तीची पत्रकेही लागू आहेत.

महाराष्ट्राचा अनुभव येथे उपयोगी पडतो. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी जवळजवळ अठरा वर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. मसुदा जसजसा पुढे सरकत गेला तसतसा तो बारीक होत गेला. शेवटी वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, उपासना यांना आपण हात लावत नाही, हे सांगण्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम घालावे लागले. या तडजोडीवर त्या वेळी टीका झाली. आज मागे वळून पाहता तीच शहाणपणाची ठरली. ज्या कायद्यात नुकसान नेमके सांगितले आहे तो न्यायालयात टिकतो. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे हा गुन्हा, एवढे लिहिले की श्रद्धा की अंधश्रद्धा या अंतहीन वादात न्यायाधीशाला शिरावे लागत नाही. शिक्षाही सहा महिने ते सात वर्षे, म्हणजे बिहारच्या तुलनेत गंभीर. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवरील चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरविल्या. कर्नाटकाने २०१७ चा आणि गुजरातने २०२४ चा कायदा करताना महाराष्ट्राचा आराखडा समोर ठेवलेला स्पष्ट दिसतो. केरळचे सरकार मात्र २०२२ च्या एलंतूर नरबळी प्रकरणानंतरही पुढे गेले नाही. जून २०२५ मध्ये त्याने उच्च न्यायालयात विधेयक न आणण्याचा निर्णय सांगितला. पुरोगामीपणाचा इतिहास असलेल्या राज्याची ही माघार लक्षणीय आहे.

राजकीय वर्गाची अनिच्छा समजून घ्यायची तर दतियाच्या पीतांबरा पीठाकडे किंवा नलखेड्याच्या बगलामुखी मंदिराकडे निवडणुकीच्या दिवसांत नजर टाकावी. शत्रुस्तंभनाची देवता म्हणून बगलामुखीची ख्याती आहे आणि तिच्या दारी सर्व पक्षांचे नेते असतात. २०११ च्या आरंभी कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी, येडियुरप्पा यांनी, विरोधक आपल्यावर जादूटोणा करीत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. त्याच्याही आधी चंद्रास्वामींच्या दिल्लीतील आश्रमात कोण कोण जात असे, हे राजधानीतील जुन्या मंडळींना आठवत असेल. नेत्याने केला तर तो हवन, गावाने केला तर ती अंधश्रद्धा, हा भेद कायद्याच्या भाषेत उतरवणे कठीण आहे. म्हणून कायदाच नको, अशी ही सोय.

आसामने २०२४ च्या फेब्रुवारीत उपचाराच्या नावाखालील कुप्रथांविरुद्ध आणखी एक कायदा केला. त्याचा रोख प्रार्थनेतून बरे करणाऱ्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांवर आहे, अशी तक्रार तेथील चर्च संघटनांनी केली, आणि त्या सुमारासच्या राजकीय भाषणांनी तो संशय दूर होण्याऐवजी वाढविला. दुसरीकडे मोरीगाव जिल्ह्यातील मायोंग हे ‘जादूचे गाव’ म्हणून पर्यटकांना दाखविले जाते. तेथील संग्रहालयात मंत्रांच्या जुन्या पोथ्या ठेवलेल्या आहेत. पोथ्या जपण्यात गैर काही नाही. पण एका धर्माची झाडफूक वारसा आणि दुसऱ्याची गुन्हा, असा कायदा वापरला जाऊ लागला तर डायन ठरलेल्या स्त्रीचा प्रश्न पुन्हा मागेच राहील.

केंद्रीय कायद्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. आधीच तुरुंग आदिवासींनी भरलेले आहेत. एका हत्येसाठी अख्खे गाव आत टाकणाऱ्या कायद्याने त्यांत भर पडेल, असे आदिवासी भागात काम करणारे अनेक जण म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच कायदा व्हावा तो शिक्षा वाढविण्यापेक्षा खून होण्यापूर्वीच्या टप्प्यासाठी. नाव सांगणाऱ्या जाणत्यावर अजामीनपात्र गुन्हा, तक्रार आल्याबरोबर त्या स्त्रीला संरक्षण आणि निवारा, गावाबाहेर काढलेलीचे तिच्याच घरात पुनर्वसन, आणि हे न करणाऱ्या ठाणेदाराची जबाबदारी. पोलीस हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राचे हात बांधलेले आहेत, हे उत्तर पटणारे नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे; तो नसता तर २०२३ ची संहिता संमतच झाली नसती.

आणि शेवटी जमीन. छोटा नागपूरच्या आदिवासींत विधवेला पतीच्या जमिनीवर हयातीपुरता हक्क असतो; ती गेली की जमीन दीर-पुतण्यांकडे. गोविंद केळकर आणि देव नाथन यांच्यासारख्या अभ्यासकांनी डायनचा आरोप आणि हा हयातीचा हक्क यांतील संबंध फार पूर्वी दाखवून दिला. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना लागू नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अपवादाचा फेरविचार करण्यास केंद्राला सांगितले. टेटगामाच्या घटनेनंतर अकरा दिवसांनी, १७ जुलै २०२५ रोजी, छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. पण तो त्या एका दाव्यापुरता. बाहेरचे पुरुष लग्नाच्या वाटेने जमिनी बळकावतील, ही आदिवासी संघटनांची भीती निराधार नाही, आणि तिच्यावर हस्तांतरणबंदीचा उपाय आजच्याच कूळकायद्यांत आहे. कलम २(२) मधील अपवाद दूर करण्यास मात्र विधेयकाचीही गरज नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी, एवढेच त्या कलमात लिहिलेले आहे, आणि ते १९५६ पासून लिहिलेले आहे.